जिवाणूंच्या कॅप्सूलने वजन उतरेल का?

"मॅडम, हिच्या आतड्यातले जिवाणूच बिघडलेत म्हणतात. कॅप्सूल दिल्या तर वजन उतरेल ना?" नागपूरच्या धरमपेठेतील माझ्या आहार-सल्ला केंद्रात 16 वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईने विचारले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

या शंकेला आधार आहे. 2006 मध्ये अमेरिकेत लठ्ठ उंदरांचे जिवाणू जिवाणूरहित उंदरांच्या आतड्यात सोडले, तेव्हा त्यांची चरबी अधिक वाढली. मात्र 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडमधील चाचणीत, 14 ते 18 वर्षांच्या 87 लठ्ठ मुलामुलींपैकी काहींना सडपातळ, निरोगी दात्यांच्या विष्ठेतील जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्या, तरी 6 आठवड्यांनी उंचीच्या तुलनेतील वजनाच्या निर्देशांकात (बीएमआय) फरक पडला नाही. म्हणून केवळ वजनासाठी अशा कॅप्सूलवर पैसे खर्चू नयेत, असे मी त्या माउलीला स्पष्ट सांगितले.

आपण पचवू न शकणारा चोथा मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारे ब्युटिरेट नावाचे द्रव्य आतड्याच्या अस्तराचे पोषण करते. ही मुलगी मात्र उपाशीपोटी शिकवणीला जाई, मग बिस्किटे, दुपारी नूडल्स आणि पाकिटातला रस. म्हणजे जिवाणूंच्या वाट्याला फारसे काही उरतच नव्हते. आम्ही नवे, महागडे काहीच आणले नाही. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि रसाऐवजी अख्खे संत्रे सुरू केले. तर्री पोहे बंद होणार या धास्तीत ती होती. मी तर्रीवरचे तेल कमी करून त्यातले चणे वाढवायला सांगितले. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते आणि मुले कंटाळून सारेच सोडतात, म्हणून हे बदल आठवड्या-आठवड्याने केले.

बोलता बोलता कळले, की मानेवरचा काळेपणा मळ समजून आई रोज बेसनाने घासत होती आणि त्यावरून घरात रडारड होई. मला ते ऐकून फार वाईट वाटले. असा मखमली काळेपणा पुष्कळदा इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याचे लक्षण असतो. म्हणून साखरेच्या तपासणीसाठी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले, आणि औषधाचा निर्णय त्यांच्यावरच सोपवला.

चार महिन्यांत वजन तीनच किलो उतरले आहे. पण मुलगी आता न्याहारी करून निघते, आणि आईने मान घासणे पहिल्याच दिवशी थांबवले.