रॉक गायक नील यंगचा 'हार्वेस्ट' हा अल्बम इतका शांत का वाटतो, मागे कोणता बँड आहे?

बँडचं नाव स्ट्रे गेटर्स, आणि माझ्या मते अर्धं श्रेय त्यांचंच आहे. १९७१ च्या फेब्रुवारीत नील यंग कंट्री गायक जॉनी कॅशच्या टीव्ही शोसाठी अमेरिकेतल्या नॅशव्हिलला गेला होता, तिथं निर्माता एलियट मेझर भेटला आणि जे वादक हाताशी होते त्यांना घेऊन लगेच रेकॉर्डिंग सुरू झालं. बेसवर टिम ड्रमंड, ड्रम्सवर केनी बट्री, पेडल स्टीलवर (आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार) बेन कीथ, पियानोवर जॅक निट्शे नंतर आला. त्या काळात यंगची पाठ खूप दुखायची, जड इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभं राहणं जमायचं नाही म्हणून बसून अकूस्टिक वाजवायचा, तो निवांतपणा मला तिथूनच आलेला वाटतो.

ऐकताना एकदा फक्त ड्रम्सकडे लक्ष द्या, बट्री किती कमी वाजवतो बघा, आणि कीथची स्टील गिटार तर गाण्यामागून लांबून कुणी साद घालावी तशी येते, मला अजूनही भरून येतं. 'हार्ट ऑफ गोल्ड' या गाण्यात मागे जेम्स टेलर आणि लिंडा रॉनस्टॅट गातात.

सगळाच अल्बम असा नाहीये हां, दोन गाण्यांत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, ती मला जरा जड वाटतात, आणि 'अलाबामा'मध्ये इलेक्ट्रिक गिटार येते. अल्बम १९७२ ला आला. आवडला तर १९९२ चा 'हार्वेस्ट मून' नक्की ऐका, बँड जवळपास तोच आहे.