जॅकेट अंगात, सीटखाली नाही

अगं पोरी,

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज वाचला. मिशिगनमधल्या ग्रँड हेवनच्या एस्कनाबा पार्कात, बुडालेल्या एस्कनाबा जहाजाच्या स्मारकापाशी उभी राहिलीस, रडू आलं, आणि मग वाटलं की हे आपले कोण, मी इथे फूल ठेवलं तर ते खोटं तर नाही ना. आणि शेवटी जाता जाता लिहिलंस की रविवारी सगळे कयाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, घेऊन लेक मिशिगनवर जाणार, ऊन छान आहे, काका काळजी नको मला पोहता येतं. माझी झोप त्या शेवटच्या वाक्याने उडाली. दोन्हीला उत्तर एकच देतो, लाइफ जॅकेट अंगात घाल.

तू फक्त नाव वाचून आलीस, म्हणून सांगतो. 3 फेब्रुवारी 1943, ग्रीनलंडजवळ सैनिक घेऊन निघालेल्या डॉर्चेस्टर नावाच्या अमेरिकन जहाजाला टॉर्पेडो लागला, जहाजावर 900 च्या आसपास माणसं, वाचली सुमारे 230. कॅप्टनने आधीच सांगितलेलं की झोपताना कपडे आणि लाइफ जॅकेट अंगातच ठेवा. पण खाली उकडत होतं, जॅकेट टोचत होतं, बऱ्याच जणांनी काढून ठेवलं. चार चॅपलिननी, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूंनी, स्वतःची जॅकेटं काढून दुसऱ्यांना दिली आणि जहाजाबरोबर गेले. चौघांनी अंगातलं दिलं गं, आणि आपण फोटोत जाड दिसतो म्हणून सीटखाली ठेवतो.

वाचवायला एस्कनाबा आणि कोमांची ही कोस्ट गार्डची जहाजं आली. पाण्यातल्या माणसांची बोटं इतकी बधिर झालेली की समोरचा दोर धरता येईना. म्हणून एस्कनाबाचे लोक रबरी सूट घालून, कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले आणि एकेकाला बांधून वर ओढून घेतलं. कोमांचीवरचा चार्ल्स डेव्हिड, काळा माणूस, जहाजावर अधिकाऱ्यांना जेवण वाढायचं काम, तोही पुन्हापुन्हा पाण्यात उतरला आणि पुढे न्यूमोनियाने गेला. चारच महिन्यांनी, 13 जूनला, एस्कनाबा स्वतः बुडाली, फक्त दोघं वाचले. युद्धाआधी ती ग्रँड हेवनलाच असायची, म्हणून गाव अजून विसरलेलं नाही.

आता पोहण्याचं. माझा रूममेट सांगलीचा, पुरात आयर्विन पुलावरून उड्या मारणारा. एप्रिलमधलंच ऊन होतं, इथलंच एक तळं, त्याची होडी उलटली, जॅकेटं सीटखाली होती. मी काठावरून ओरडत होतो, "पोह, पोह!" आयुष्यात इतका चुकीचा सल्ला मी कुणाला दिला नाही. थंड पाण्यात पडलं की आपोआप एक मोठा श्वास आत खेचला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच जातं. तो थंडीने गारठून नाही गेला, तेवढा वेळच मिळाला नाही त्याला.

थंड पाण्यात शरीराचं काय होतं याचा अभ्यास करणारे मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त, त्यांनी हे 1-10-1 असं सोपं करून ठेवलंय. पहिलं 1 मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, हातपाय मारायचे नाहीत. पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय चालतात, त्यात बाहेर निघायचं नाहीतर उलटलेल्या बोटीला लटकायचं. शुद्ध हरपायला साधारण 1 तास. पण हा तास कुणाला मिळतो? ज्याचं तोंड जॅकेटने पाण्याबाहेर धरलंय त्याला. पाण्यात पडल्यावर घालीन म्हणशील, तर कुठल्या बोटांनी घालशील?

लोक म्हणतात मी पिकनिकची मजा घालवतो. मंडळाच्या सहलीत जॅकेटवरून मी बोट अडवून धरली, तेव्हापासून दोन घरी बोलावत नाहीत. नाही बोलावत तर नाही. माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही, आणि सतरा वर्षं गाडीच्या डिकीत चार जादा जॅकेटं घेऊन फिरतोय त्याची मला लाज नाही.

फूल खोटं नाही, ठेव. ज्यांच्यासाठी रडू आलं ते आपलेच, त्यात विचारायचं काय. पण त्यांनी पाण्याबद्दल जे जीव देऊन शिकवलं ते शिकायचं नाही आणि फूल मात्र ठेवायचं, हे मला जमत नाही, तुलाही जमू नये.

तर रविवारची कयाक रद्द. रागाव हवं तर. रविवारी दहाला स्विमिंग पूलवर ये, जुने कपडे घालून, दोन टॉवेल घे. जॅकेट मी आणतो, आधी पट्टे आवळायला शिकवीन, मग कपड्यांसकट पाण्यात उतरायचं. मैत्रिणींनाही आण, चार जॅकेटं आहेत.

तुझा काका