नवशिक्यानं दोन हजारांच्या आत बॅडमिंटनची कोणती रॅकेट घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे की कोल्हापुरात राजारामपुरीत राहता, ऑफिस सुटल्यावर हॉलवर खेळायला जायला लागलाय, बजेट दोन हजार आहे आणि दुकानदार म्हणतोय, "हेड-हेवी घ्या, स्मॅश कडक बसतो." म्हणजे डोक्याकडे, तारांच्या बाजूला, जड असलेली. घेऊ का?

आत्ता नको. आणि दोन हजार सगळेच्या सगळे रॅकेटवर घालू नका.

सुरुवातीच्या काही महिन्यांत स्मॅश मारायची वेळ येतेच किती? सर्व्हिस नीट पडणं, मागच्या रेषेवरून मागच्या रेषेपर्यंत शटल पोचवणं आणि अंगावर आलेलं कसंतरी परतवणं, यातच दम निघतो. डोकं जड असलेली रॅकेट एकदा खाली गेली की वर आणायला वेळ लागतो. तेवढ्यात शटल अंगावर येऊन पडलेलं असतं. मग माणूस मनगट विसरतो आणि खांद्यानं ओढायला लागतो. आमच्या सकाळच्या ग्रुपात दर उन्हाळ्यात नवी मंडळी येतात. खांदा नाहीतर कोपर धरून घरी बसणाऱ्यांची रॅकेट हातात घेऊन बघितली की बऱ्याचदा ती तरी जड असते, नाहीतर गटिंग, म्हणजे रॅकेटची तार, फार ताणलेलं असतं. हौसेनं आलेला माणूस असा गळाला की फार वाईट वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

तुमच्यासाठी ४यू वजनाची, समतोल किंवा किंचित हलक्या डोक्याची, लवचिक दांड्याची, पूर्ण ग्रॅफाइटची रॅकेट बरी. ग्रिपच्या वर जो शंकूसारखा भाग असतो, त्यावर बारीक अक्षरात ४यू, जी५ असं छापलेलं असतं. योनेक्स कंपनीच्या मापात ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४ आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९. आकडा वाढला की वजन उतरतं. जीचंही तसंच, जी५ ही जी४पेक्षा बारीक मूठ. शंका असेल तर बारीकच घ्या. वरून ओव्हरग्रिप गुंडाळून मूठ जाड करता येते, पण जाड मूठ बारीक करणं कटकटीचं. योनेक्समध्ये मालिकेच्या नावावरूनही अंदाज येतो. अॅस्ट्रॉक्स जड डोक्याची, आर्कसेबर समतोल, नॅनोरे आणि नॅनोफ्लेअर हलक्या डोक्याच्या. तुमच्या बजेटच्या आसपास नॅनोरे लाइटमधली एखादी बघा. भाव दुकानागणिक बदलतात, महाद्वार रोडला घ्या नाहीतर ऑनलाइन, दोन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि पक्की पावती घ्याच, कारण नामांकित कंपन्यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत.

दुकानात नुसती हवेत फिरवून बघू नका, त्यात सगळ्याच चांगल्या वाटतात. आधी दांडा आणि फ्रेम जिथे मिळतात ती जागा बघा. तिथे टी आकाराचा वेगळा जोड दिसला, तर बहुतेक फ्रेम अॅल्युमिनियमची आणि दांडा स्टीलचा असतो. योनेक्सची जीआर ३०३ ही त्यातलीच. गल्लीत पोरांनी खेळायला ती चांगली आहे, टिकतेही, पण हॉलवर रोज तासभर खेळणाऱ्यानं ती घेऊ नये. मग एका हातानं मूठ आणि दुसऱ्या हातानं फ्रेमचं टोक धरून अगदी हळू वाकवा. दांडा जरा झुकला पाहिजे. आपला हात अजून वेगानं फिरत नसतो, तेव्हा हा झुकणारा दांडाच शटल मागे पोचवायला मदत करतो. ताठ दांडा वेगवान हाताच्या खेळाडूसाठी. शेवटी रॅकेट आडवी धरून दांड्याखाली एक बोट ठेवा आणि ती कुठे तोलते ते बघा. दोन-तीन रॅकेट अशा एकापाठोपाठ तोलल्या की कुठली डोक्याकडे जड आहे ते आपोआप कळतं.

आता गटिंग. लोक याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि खेळात फरक सगळ्यात जास्त इथे पडतो. स्वस्त रॅकेटला कारखान्यातून येणारी तार बहुतेकदा सैल आणि साधी असते. तिच्यावर महिनाभर खेळा, मग काढून टाका. योनेक्सची बीजी ६५ ही ०.७० मिलिमीटरची जाडसर तार टिकाऊ आहे, ती २१-२२ पाउंड ताणावर ओढून घ्या. मजुरीसकट साधारण पाचशे-सातशे जातात, म्हणून रॅकेट तेराशे-चौदाशेत बसवा. हॉलवर कुणीतरी "मी २७वर खेळतो" म्हणून सांगेल, त्याच्या नादाला लागू नका. ताण वाढला की तारेचा चांगला लागणारा भाग आक्रसतो. शटल जरा बाजूला लागलं की ते अर्ध्यातच पडतं आणि धक्का कोपरात येतो. गटिंग मशीनवरच करून घ्या आणि शंकूवर कमाल ताण किती छापलाय तेही बघा. एखादी तार तुटली तर उरलेल्या तारा तिथल्या तिथे मधूनच कापून टाका. नाहीतर ताण एका बाजूला येतो आणि फ्रेम वाकडी होते.

रॅकेट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, उष्णतेनं ताण उतरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात घामानं भिजलेली ग्रिप कव्हरमध्ये तशीच राहिली की कुजते, घरी आलं की बाहेर काढून ठेवा.

बुटांचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. रनिंगचे उंच टाचेचे बूट घालून बॅडमिंटन खेळू नका. बाजूला झेप घेताना घोटा मुरगळतो, आणि ते दुखणं लवकर जात नाही. पैशाची ओढाताण असेल तर रॅकेट आणखी दोनशेनं स्वस्त घ्या, पण सपाट गम सोलचे नॉन-मार्किंग, म्हणजे हॉलच्या जमिनीवर डाग न उठवणारे, बूट घ्या.

शटल सुरुवातीला नायलॉनचंच बरं. पिसाच्या शटलला १६ पिसं असतात, आणि नवशिक्याच्या हातून ती कडेला लागून पटापट तुटतात. नायलॉनमध्ये योनेक्सचं मॅव्हिस ३५० घेतलंत तर बुचावरच्या पट्टीचा रंग बघा. हिरवी मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. निळीनं सुरू करा. हॉलवरची मंडळी पिसाच्या शटलनं खेळत असतील, तर त्याचा खर्च कसा वाटून घेतात ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, महिन्याच्या हिशेबात रॅकेटपेक्षा तोच जास्त होतो.