मुलाला चित्रकला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, कौतुक किती करावं?

अगदी मनापासून करा. तुमचा मुलगा आठ वर्षांचा, आंतरशालेय स्पर्धेत पहिला आलाय, तुम्हाला आभाळ ठेंगणं झालंय. पण घरातली मोठी माणसं म्हणतात, फार डोक्यावर चढवू नका. मी पुण्यात कसबा पेठेत राहते. माझ्या लेकीला साधारण याच वयात असंच बक्षीस मिळालं होतं, त्या अनुभवावरून सांगते: कौतुकाने पोरं बिघडत नाहीत. फक्त कौतुक प्रशस्तिपत्रकापाशी थांबवू नका, चित्रापर्यंत न्या.

लेकीला विषय आला होता 'बाजार'. तिने महात्मा फुले मंडई काढली. आपण मोठ्यांनी काढली असती, तर तो दगडी मनोरा आणि कमानी आधी आल्या असत्या. तिच्या चित्रात मनोरा नव्हताच. मंडईत भाजीवाल्या उंच ओट्यावर बसतात, लहान पोराला मान वर करूनच बघावं लागतं. तिच्या कागदावर वरच्या बाजूला भलीमोठी मावशी, हिरव्या बांगड्यांचा हात, ऐन मध्यात तराजूचं पारडं आणि खाली कोपऱ्यात आमची कापडी पिशवी, तिच्या उसवलेल्या बंदासकट! लग्न होऊन आल्यापासून मी तिथून भाजी आणते, पण मला मंडई अशी कधी दिसली नव्हती. माझ्या लेकीने ती नीट पाहिली होती, याचा मला जो अभिमान वाटला तो आजही तेवढाच आहे.

म्हणून मुलाजवळ बसा आणि विचारा: आधी काय काढलंस? हा रंग इथे का घेतलास? हा माणूस कुठे निघालाय? माझी लेक त्या रात्री जेवण संपेपर्यंत एकट्या पारड्याबद्दल बोलत होती.

आता नातेवाईक लगेच चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचा विषय काढतील. त्या परीक्षा चांगल्याच आहेत. राज्याचं कला संचालनालय त्या घेतं, स्मरणचित्र, संकल्पचित्र वगैरे विषयांमुळे हात बसतो, आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण मिळतात. पण ते हायस्कूलमध्ये गेल्यावर. आत्ताच क्लासला घालून दोन डोंगर, मधून उगवता सूर्य आणि नारळाचं झाड गिरवायला लावू नका. ज्या नजरेने त्याला बक्षीस मिळवून दिलं तीच त्यात बुजते. त्यापेक्षा एखाद्या रविवारी बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात घेऊन जा. प्रदर्शन असलं की बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथे असतात, आणि लहान मुलाने काही विचारलं तर फार प्रेमाने सांगतात.

चित्र परत मिळालं असेल, तर एक कळकळीची विनंती: लॅमिनेशन करू नका. एकदा केलं की ते काढता येत नाही, आणि त्या उष्णतेने तेलखडू तर वितळून पसरतो. फ्रेम करायची असेल तर माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, लावून घ्या, म्हणजे काच थेट रंगाला टेकणार नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ओल धरते, मग पोस्टर कलर काचेला चिकटतो. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख आणि त्याचं वय लिहा. हे आत्ताच करा, पुढे कुठलं चित्र कधीचं ते आठवत नाही.

पेढे वाटायला अजिबात संकोचू नका. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा तर आधी मुलाला विचारा, चित्र त्याचं आहे. आणि आजी-आजोबांसमोर ते चित्र घेऊन त्यालाच बसवा, कसं काढलं हे त्याच्याच तोंडून ऐकू दे. डोक्यावर चढवू नका म्हणणारी आमच्याकडची आजी पहिल्याच प्रश्नानंतर विरघळली आणि शेजारच्या काकूंना बोलावून आणायला स्वतः गेली.