एसीएलएसची (हृदय बंद पडलेल्या पेशंटवरच्या तातडीच्या उपचारांच्या कोर्सची) परीक्षा महिन्यावर आली आहे आणि इंग्रजीत टीम लीडर व्हायची भीती वाटते, तयारी कशी करू?

ताई, तुम्ही खानापूरच्या, मराठी शाळेत शिकलेल्या, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. माझीही दहावी निपाणीजवळच्या गावात मराठीतूनच झाली. आता बेळगावात आयसीयूला स्टाफ नर्स आहे.

लेखी पेपराचं फार मनावर घेऊ नका. ५० प्रश्न असतात, ८४ टक्के म्हणजे ४२ बरोबर यावे लागतात. मॅन्युअल नीट वाचलं की जमतं. माणूस अडतो तो मेगाकोडला, म्हणजे प्रात्यक्षिकाला. समोर पुतळा, मॉनिटरवर रिदम (हृदयाची लय) बदलत राहतो आणि ऑर्डर तुम्ही द्यायच्या.

मी पहिल्या वेळी तिथेच चुकले. मॉनिटरवर छान कॉम्प्लेक्स (ठोक्यांच्या लाटा) दिसले, मी 'सायनस', म्हणजे नॉर्मल लय, म्हटलं आणि बीपी घ्यायला सांगितलं. मानेला हात लावलाच नाही. पल्स नव्हती, पीईए होतं, म्हणजे मॉनिटरवर लय दिसते पण नाडी लागत नाही. तेवढा वेळ कॉम्प्रेशन (छाती दाबणं) बंद राहिलं. पुतळ्याच्या जागी खरा पेशंट असता तर, हेच रात्रभर डोक्यात होतं. म्हणून सांगते, असा रिदम दिसला की बोटं आधी कॅरोटिडवर, मानेतल्या नाडीवर. १० सेकंदांत पल्स नक्की कळली नाही तर लगेच कॉम्प्रेशन.

अरेस्टचे, म्हणजे हृदय बंद पडल्याचे, रिदम चारच. व्हीएफ (हृदय नुसतं थरथरतं) आणि पल्सलेस व्हीटीला (लय फार वेगवान, पण नाडी नाही) शॉक. असिस्टोल (सरळ रेघ) आणि पीईएला शॉक नाही, तिथे अ‍ॅड्रेनालिन लवकरात लवकर द्यायचं आणि कारण शोधायचं. शॉक दिला की मॉनिटर बघत थांबायचं नाही, पुढची दोन मिनिटं छाती दाबायची. अ‍ॅड्रेनालिन १ मिलिग्राम, दर ३ ते ५ मिनिटांनी. शॉक देऊनही व्हीएफ टिकलं तर अ‍ॅमिओडॅरोन ३०० मिलिग्राम, नंतर १५०. औषधामागे २० मिली सलाईन ढकलून हात वर धरायचा, हे ड्यूटीवरही विसरलं जातं.

आता इंग्रजीचं. लागतात ती जेमतेम पंधरा वाक्यं. मी ती कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून स्वयंपाकघरात लावली होती. रात्री जमिनीवर गादीची वळकटी ठेवायची, मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत दाबायचं. धाकटी बहीण फोनवर दोन मिनिटांचा टायमर लावून बसायची आणि मध्येच ओरडायची, "अक्का, व्हीएफ!" मी मोठ्याने म्हणायचे, "चार्ज. एव्हरीबडी क्लिअर. शॉक. रिझ्यूम सीपीआर." ती तेच परत म्हणायची. परीक्षेतही ज्याला ऑर्डर दिली त्याने ती परत म्हणायची असते. आमच्या युनिटमध्ये कुणी मल्याळी, कुणी कन्नड, कुणी मराठी, तिथे ही चार शब्दांची वाक्यंच कामाला येतात. मनात वाचून हे येत नाही ताई, तोंडाने म्हणावं लागतं, रोज.

कोर्सआधीची सेल्फ असेसमेंट या आठवड्यातच सोडवा. तिला ७० टक्के लागतात. चुकलेले रिदम वहीत स्वतःच्या हाताने काढा, आणि त्या असेसमेंटच्या सर्टिफिकेटचा प्रिंट आधीच बॅगेत ठेवा.