सीट सात, माणसं सहा आणि एक कांद्याची गोणी

प्रश्न : ताई, आम्ही मानपाड्याला राहतो. घरात सहा जण : मी, बायको, नऊ आणि पाच वर्षांच्या दोन मुली, आई आणि बाबा. बाबांचे गुडघे दुखतात. गाव ओतूरजवळ आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा माळशेज घाट ठरलेला. येताना कांद्याची एखादी गोणी असतेच. रेनॉची नवी ट्रायबर घ्यावी, मारुतीची ईको घ्यावी की मारुतीचीच जुनी अर्टिगा? शोरूममध्ये सांगितलं, ट्रायबरची डिकी ६२५ लिटरची आहे, सामानाची चिंता करू नका.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ६२५ लिटर हा आकडा खरा आहे, पण तो मागच्या दोन्ही सीट काढून घरी ठेवल्यावरचा. सातही सीट जागेवर असताना मागे ८४ लिटर उरतात. म्हणजे मुलींची दोन दप्तरं आणि बाबांच्या औषधांची पिशवी. हे शोरूमवाल्यानं तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि न सांगितल्याचा मला राग आला.

तरीही माझं मत ट्रायबरकडेच झुकतं, कारण तुम्ही सहा जण आहात, सात नाही. या गाडीच्या शेवटच्या दोन सीट सुट्या आहेत. एक काढा, एक ठेवा. ठेवलेल्या सीटवर मोठी मुलगी, काढलेल्या जागी सामान. मधल्या रांगेत आई, बाबा आणि धाकटी. माझ्याकडे हीच गाडी आहे आणि आमच्या नौपाड्याच्या घरात तिची एक सीट कायम बाल्कनीत जुन्या चादरीखाली असते. घर लहान असेल तर ही जागा आधी ठरवून ठेवा. दर वेळी कुठे ठेवायची यावरून वाद होतात.

पण मोठीच्या शेजारी बॅगा नुसत्या रचू नका. जोरात ब्रेक लागला की त्या तिच्या अंगावर येतील. जड सामान तळाला, मधल्या सीटच्या पाठीला टेकवून, पट्ट्यानं आवळून. गोणी आडवीच ठेवायची, मागच्या दाराला टेकवून उभी कधीच नाही. आणि शेवटच्या रांगेच्या पाठीमागे लगेच डिकीचं दार येतं, हे लक्षात ठेवून तिथे बसणाऱ्या मुलीचा पट्टा तुम्ही स्वतः तपासा.

आता घाट. ट्रायबरचं इंजिन ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद ७२ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). रिकामी गाडी हजार किलोच्या आत. तुम्ही सहा जण आणि सामान धरून साधारण चारशे किलो चढवणार, म्हणजे गाडीच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास! या इंजिनाचा पूर्ण जोर मिनिटाला साधारण ३५०० फेऱ्यांना मिळतो, त्याखाली नाही. पहिल्या दिवाळीला मी माळशेजच्या एका वळणावर तिसऱ्या गियरमध्येच राहिले आणि एसटीच्या मागे गाडी दमली. चूक माझी होती. वळणाच्या आधीच दुसरा टाकायचा, वळणात नाही. तेव्हापासून घाटात मी ओव्हरटेक करतच नाही. आमच्या घरात आता ते सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी घाई करत नाही. उतरताना गोणी सोबत असते, तेव्हाही दुसराच गियर. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात आणि धरत नाहीत. निघण्याआधी टायरमधली हवा भरल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे करून घ्या. तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.

अर्टिगा या बाबतीत निर्विवाद सरस. १४६२ सीसी, चार सिलिंडर, आणि तिन्ही रांगा भरल्यावरही २०९ लिटर जागा. नवी महाग पडते, त्यात कराचाही वाटा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटर लांबी आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे. ट्रायबर (३९९० मिलिमीटर) त्यात बसते, अर्टिगा (सुमारे ४४००) लांबी आणि सीसी दोन्हीकडून बाहेर, म्हणून ४० टक्के. जुनी घेणार असाल तर नोव्हेंबर २०१८ नंतरची, पेट्रोलची बघा. सीएनजीची टाकी मागच्याच जागेत असते, मग गोणी कुठे ठेवणार? शिवाय सोसायटीतली पार्किंगची जागा टेपनं मोजा. ठाण्यात चाळीस सेंटिमीटर कमी नसतात.

ईकोची सरकती दारं चिंचोळ्या पार्किंगमध्ये सोन्यासारखी, आणि मागची चाकं ओढणारी असल्यानं भरलेली गाडी चढावर पकड सोडत नाही. मालासाठी मी तीच घेईन. पण इंजिन पुढच्या सीटखाली, चाकं १३ इंची. आईबाबांना घेऊन दर महिन्याच्या लांब प्रवासाला मी ती सुचवणार नाही.

म्हणून ट्रायबर, एका अटीवर. टेस्ट ड्राइव्ह सर्व्हिस रोडवर, शेजारी फक्त सेल्समन बसवून करू नका. रविवारी सकाळी लवकर सहाही जणांना आणि भरलेल्या बॅगांना घेऊन घोडबंदर रोडनं गायमुखच्या चढावर जा. एसी चालू ठेवा. तिथे गाडीनं तुम्हाला अस्वस्थ केलं, तर जुनी अर्टिगा शोधायला लागा.

आणि बाबांना मधल्या रांगेत तीनदा चढायला-उतरायला सांगा. विचारलंत तर ते "बरं आहे" म्हणतील, मुलाचा खर्च वाढू नये म्हणून. त्यांना विचारू नका. उतरताना त्यांचा हात आधारासाठी कशाला धरतो, ते बघा.