हिरड्यांचे जंतू, आईचा विसर आणि भावाचा फोन

"हिरड्यांतून रक्त येतं, म्हणजे पुढं स्मृतिभ्रंश होणार का?" लातूरला माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हा प्रश्न हल्ली वरचेवर ऐकते. विचारणारे बहुतेक जण घरात विसर पडलेलं एक म्हातारं माणूस सांभाळत असतात. त्यामुळं या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो आणि तोच जास्त टोचतो: हे आमच्या हलगर्जीपणानं झालं का?

अंबाजोगाईकडची एक अंगणवाडी सेविका अशीच आली (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत). सत्तरी ओलांडलेली आई तिच्याजवळ राहते. योगेश्वरीच्या देवळातून येताना आई वाट चुकली, मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, सांगितला. त्यात पुण्यातल्या भावानं एक व्हिडिओ पाठवला आणि मागोमाग फोन केला. हिरड्यांतले जंतू मेंदूत जातात, तू मायच्या दातांकडं बघितलंच नाहीस, आता सगळे दात काढून टाक. सांगताना तिचा आवाज चढला. "मॅडम, मायचं सगळं मी करते. अन् मीच तिचं डोस्कं घालवलं म्हणतोय तो!"

व्हिडिओ अगदी हवेतला नव्हता. २०१९मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात एक संशोधन आलं. हिरड्यांच्या आजारातला एक मुख्य जंतू, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, आणि त्याची जिंजिपेन नावाची विकरं (एन्झाइम) अल्झायमरनं गेलेल्या माणसांच्या मेंदूत सापडली. उंदरांच्या तोंडात हा जंतू घातला तर त्यांच्या मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन, वाढलं. एवढं व्हिडिओत होतं. पुढचं नव्हतं. ही विकरं रोखणारं औषध ६४३ रुग्णांच्या चाचणीत वापरून पाहिलं गेलं आणि २०२१मध्ये निकाल लागला, तेव्हा एकूण रुग्णांत विसर पडण्याचा वेग काही कमी झालेला नव्हता. वर काहींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या. औषध फसलं म्हणून जंतू निर्दोष ठरत नाही, हेही मी तिला सांगितलं. पण संशयिताला गुन्हेगार म्हणायलाही आज पुरावा पुरत नाही.

शिवाय २०१९च्याच अभ्यासात स्मृतिभ्रंश नसलेल्या काही मेंदूंतही त्या जंतूच्या खुणा होत्या. आणि आजारी मेंदूत जंतू आधी आला की आजारानंतर मागून शिरला, हेही त्यातून कळत नाही. ती थोडं थांबून म्हणाली, "म्हंजे मर लागून तूर वाळती, अन् मागून खोडात कीड घुसती, तसं बी असंल." शेतकऱ्याच्या घरातली बाई, मला एवढं सोपं सुचलं नसतं.

मग मी तिला क्रम आठवायला लावला. आईनं दात घासणं कधी सोडलं? ती विचारात पडली. विसर सुरू झाल्यावर. घासले की नाही हेच आईला आठवेना, मग ब्रश हातात घेतला तरी त्याचं काय करायचं ते कळेना. हिरड्या फार सुजल्या त्या त्यानंतर. हां, त्याआधीची चाळीसेक वर्षं मिसरी होती, मधुमेह होता, आणि मधुमेह व हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. यातलं कशानं काय झालं, हे एका माणसापुरतं कुणालाच सांगता येणार नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या चौदा गोष्टी मांडल्या. त्यात मधुमेह, रक्तदाब, तंबाखू ओढणं, ऐकू कमी येणं, एकटेपणा आहे. हिरड्या नाहीत. आईला ऐकू येत नाही हे मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कान कुणीच तपासले नव्हते.

पुढच्या भेटीत भावाला फोनवर घेतलं. लांब राहणाऱ्या मुलाची काळजी बऱ्याचदा आरोपाच्या वाटेनंच घरी पोचते. त्याला गप्प करण्यापेक्षा काम दिलेलं बरं, असं माझं मत आहे. कानांची तपासणी आणि दंतवैद्याची भेट त्यानं स्वतः येऊन करायची असं ठरलं. सरसकट दात उपटण्याचा सल्ला मात्र मला धोक्याचाच वाटतो. असा रुग्ण कवळीला सरावेलच असं नाही, आणि चावता आलं नाही की जेवण तुटतं. कुठला दात ठेवायचा, कुठला काढायचा, हे दंतवैद्य तोंड बघून ठरवेल. आजार वाढला की रुग्ण तोंड उघडू देत नाही, म्हणून हे लवकर करायचं.

तोंडाची निगा तरीही हवीच, विसरासाठी नव्हे, आईच्या आजच्या सुखासाठी. दात दुखतोय हे तिला सांगता येत नाही. ती ताट सरकवते, चिडते, गालाला हात लावते. तोंडातले जंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर न्यूमोनियाचा धोका असतो. खुर्चीत बसवायचं, मऊ ब्रश तिच्या हातात द्यायचा आणि तिच्या हातावर आपला हात ठेवून फिरवायचा. रोज ठरल्या वेळी. एखाद्या दिवशी नाहीच म्हणाली तर झोंबाझोंबी करायची नाही, तासाभरानं पुन्हा बघायचं.

जाता जाता तिनं स्वतःचं विचारलं. तिच्याही हिरड्यांतून रक्त येत होतं आणि सकाळची मिसरी तिलाही लागत होती. हिरड्या बऱ्या केल्या म्हणजे स्मृतिभ्रंश टळेल, अशी हमी मी दिली नाही. दात टिकतील, आणि मिसरी सुटली तर तोंडाच्या कॅन्सरचा धोका उतरेल, एवढं खात्रीनं सांगितलं. हिरड्या साफ करून घ्यायच्या, साखर तपासायची, आणि तंबाखू सोडायला मदत लागली तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. तो तिनं मोबाइलमध्ये घातला आणि भावालाही पाठवला. तो गुटखा खातो.